बंदिस्त झेब्रे : कळपातील नाती आणि दिनक्रम

झेब्रा हा अश्वकुळातील प्राणी. त्याच्या तीन जातींपैकी प्राणिसंग्रहालयांत बहुधा दिसतो तो मैदानी झेब्रा. एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरे असे त्याचे स्थिर कुटुंब असते. कुटुंबाबाहेरचे तरुण नर आपला वेगळा कळप करून राहतात. ग्रेव्ही झेब्र्यात असे कायमचे कुटुंब नसते; तेथे प्रौढ नर आपापले क्षेत्र राखतात. केवळ पट्ट्यांवरून दोघांची व्यवस्था सारखीच करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

झेब्रा रवंथ करीत नाही. मोकळ्या रानात दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ तो चरत असतो. संग्रहालयात वाळलेले गवत ठरावीक वेळी एकाच गव्हाणीत मिळाले, की हे काम लवकर आटोपते. मग उरतो रिकामा वेळ. तो नुसते उभे राहण्यात, कधी कुंपणालगत त्याच वाटेने येरझारा घालण्यात जातो. शिवाय वरचढ मादी गव्हाण अडवते आणि कान मागे पाडून दुसरीला हुसकावते. चारा अनेक ठिकाणी विभागून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

दोन झेब्रे उलट दिशांना तोंडे करून एकमेकांची मान व पाठ दातांनी खाजवताना दिसतात. हा त्यांचा आपसांतला खरारा; आई आणि शिंगरू यांच्यात तो विशेष चालतो. रात्री कळप आडवा झाला तरी एखादा सहसा उभाच असतो. सिंहाचे भय नाही, पण सवय जात नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग नर बदलण्याचा. चेक प्रजासत्ताकातील द्वूर क्रालोव्हे येथील झेब्र्यांच्या नोंदी अभ्यासून प्लुहाचेक व बार्तोश यांनी 2000 मध्ये दाखवून दिले, की मादी गाभण राहिल्यानंतर कळपात नवा नर आणला तर तिचे शिंगरू दगावण्याचा धोका वाढतो. नवा नर परक्या नवजाताला चावून, लाथाडून मारू शकतो. गर्भधारणेनंतर तो जितक्या लवकर येईल, तितकी शिंगराच्या जगण्याची आशा कमी. झेब्र्याचा गर्भकाळ वर्षभराहून थोडा अधिक असल्याने आजच्या अदलाबदलीचा परिणाम कित्येक महिन्यांनी समोर येतो, आणि तोवर कारण विस्मरणात गेलेले असते. म्हणून नर आणण्याची तारीख प्रत्येक मादीच्या नोंदीत लिहून ठेवावी आणि प्रसूतीच्या सुमारास नव्या नराला वेगळे ठेवावे.