यादी कुठे लिहिली आहे?

मंडळी, "बायबलमध्ये तारणासाठी लागणारं सगळं आलंय, बाहेरून भर नको" हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. पण 'सगळं' म्हणजे नेमकी किती पुस्तकं?

प्रोटेस्टंट ६६ मोजतात, कॅथलिक ७३, तर इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च ८१. नव्या कराराची आजची २७ पुस्तकांची यादी नेमकी तशीच पहिल्यांदा आढळते, असं सहसा मानतात, ती इ.स. ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या ईस्टरच्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी!

गंमत पुढेच आहे. 'शास्त्र तेवढं पुरे' म्हणणाऱ्या मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र खटकत होतं. श्रद्धेनेच माणूस नीतिमान ठरतो हे त्याचं म्हणणं, आणि हे पत्र कृतीवर भर देणारं. १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने ते इब्री, यहूदा आणि प्रकटीकरण यांच्यासोबत शेवटी ढकललं, अनुक्रमणिकेत या चौघांना क्रमांकही दिला नाही.

कॅथलिक म्हणतात, यादी चर्चने ठरवली, मग शास्त्र एकटं कसं पुरेल? १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने परंपरेलाही शास्त्राइतकाच मान दिला. प्रोटेस्टंट म्हणतात, चर्चने फक्त ओळखलं; सोनाराने सोनं पारखलं म्हणून त्याने ते घडवलं असं होत नाही.

वाद मिटलेला नाही. मला मात्र एक गोष्ट मोठी वाटते. ल्यूथरने न पटणारं पत्र मागे सारलं, पण फाडून टाकलं नाही. ग्रंथ आपल्यापेक्षा मोठा मानायचा म्हणजे बहुधा हेच. तुम्हाला काय वाटतं?