दुसरी आवृत्ती : मोल्सवर्थ, केतकर आणि पुनर्लेखनाचा हिशेब

लिहिलेला मजकूर किती काळ संस्कारित करीत राहावा आणि कोणत्या क्षणी तो हातावेगळा करावा, हा प्रश्न आपण बहुधा लेखकाच्या स्वभावावर सोडून देतो. कोणी चोखंदळ, कोणी उतावळा, एवढे म्हटले की चर्चा संपते. परंतु मराठीतील दोन मोठ्या कोशकार्यांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर स्वभावापेक्षा परिस्थितीशी आणि वाचकाशी अधिक निगडित आहे असे दिसते.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू व शास्त्री मंडळी यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. शास्त्री मंडळींनी रचलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२९ साली, निघाला होता. मराठीच्या छापील कोशपरंपरेचा तो आरंभकाळ होता. अशा वेळी ‘अजून थोडे शब्द मिळतील’ या आशेने थांबणे सहज शक्य होते. भाषा रोज नवे शब्द घडवीत असल्याने कोशाचे काम स्वभावतःच न संपणारे असते. तरीही सुमारे चाळीस हजार शब्दांवर पहिली रेघ ओढली गेली.

पुढे मोल्सवर्थ प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतला. १८५१ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला, तो याच कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी. ती १८५७ साली मुंबईत छापून निघाली, आणि शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. या वाढीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. घरी बसून जुन्या वाक्यांना केलेली ती रंगसफेदी नव्हती. दरम्यानच्या काळात पहिली आवृत्ती लोकांच्या हाती होती, वापरली जात होती. म्हणजे दुरुस्तीची साधने प्रकाशनामुळेच उपलब्ध झाली. पहिली आवृत्ती रोखून धरली असती, तर दुसरी कशाच्या आधारे सुधारायची, हाच प्रश्न उरला असता. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणून जो कोश उघडतो, तो हा १८५७चा.

आता दुसरे उदाहरण. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी स्थापिली. भागधारक, वर्गणीदार, पगारी लेखकवर्ग आणि छपाईचे वेळापत्रक अशा चौकटीत तेवीस खंड सिद्ध झाले. या उद्योगाचा वृत्तान्त त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहिला. ग्रंथनामातच वर्षे मोजलेली आहेत, हे सूचक आहे. केतकरांना वेळ हा भांडवलाचाच एक भाग वाटत असला पाहिजे. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मोल्सवर्थप्रमाणे आपल्या कार्याकडे वीस वर्षांनी परत येण्याची संधी त्यांना लाभली नाही. ज्ञानकोशाच्या मर्यादा पुढील अभ्यासकांनी दाखविल्या, आणि ते योग्यच झाले. पण तो अपुरा राहिला असता, तर मर्यादा दाखवायला तरी काय शिल्लक असते?

या दोन उदाहरणांतून ‘लवकर छापा’ असा सोपा उपदेश काढणे मात्र चुकीचे ठरेल. मोल्सवर्थने पहिल्या आवृत्तीलाही वर्षानुवर्षे दिली होती. प्रश्न वेळ किती, यापेक्षा तो कशावर, असा आहे. एखादा अर्थ चुकला आहे, पुरावा अपुरा आहे, वाचक गोंधळेल, अशी शंका असेल तर विलंब समर्थनीय आहे. तीच तीच विशेषणे मागेपुढे करण्यात आठवडे जात असतील, तर ते पुनर्लेखन वाचकासाठी उरलेले नसते. ते लेखकाच्या भीतीसाठी असते.

प्रबंध सादर करण्याच्या उंबरठ्यावर अडलेले विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. प्रत्येक मसुदा अंतिम व्हावा, या हट्टापायी त्यांचा पहिला मसुदाही कोणी वाचलेला नसतो. त्यांना कोशकारांचा हा इतिहास सांगण्याजोगा आहे. दुसरी आवृत्ती निघण्यासाठी पहिली निघावी लागते. आणि दुसरी आपल्या हातून निघेलच याची खात्री कोणालाच नसल्याने, पहिलीत निदान खोटे काही राहू नये, एवढा वेळ तिला द्यावाच लागतो.