लॅपटॉपमधील दोष व घरगुती निवारण

लॅपटॉपच्या दैनंदिन वापरात उद्भवणारे नेहमीचे दोष ओळखून, यंत्र न उघडता किंवा कमीत कमी उघडून ते घरच्या घरी दूर करण्याच्या क्रियेस घरगुती दोषनिवारण म्हणता येईल. वीजपुरवठा, उष्णता, ओलावा, संगणक प्रणाली आणि साठवलेली माहिती ही या दोषांची मुख्य क्षेत्रे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका सह्याद्रीच्या माथ्यालगत असून तेथे जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. अशा प्रदेशात दमट हवा व विजेचा लपंडाव यांमुळे लॅपटॉपला विशेष जपावे लागते. कोल्हापूर शहर दूर असल्याने किरकोळ दोष घरीच ओळखता येणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

निदानाची पद्धत

दोष शोधताना सोप्या कारणाकडून अवघड कारणाकडे जावे. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा; अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण कळत नाही. पडद्यावर आलेला त्रुटीसंदेश शब्दशः उतरवून ठेवावा. लॅपटॉप चालू होत असेल, तर दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फाईलींची प्रत काढणे ही पहिली पायरी होय.

लॅपटॉप सुरू न होणे

प्रथम भिंतीवरील सॉकेट दुसरे उपकरण लावून तपासावे. त्यानंतर चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, चालू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. त्यामुळे आतील उरलेला विद्युतभार निघून जातो व पुष्कळदा यंत्र पूर्ववत सुरू होते. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी बाहेरचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडून पाहावा. त्यावर चित्र दिसल्यास दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत असतो.

चार्जर बदलताना नव्या चार्जरचे व्होल्ट मूळ चार्जरइतकेच असावेत. अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतात. चार्जिंग चालू असताना धातूच्या भागाला हात लागून झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावल्यास अर्थिंगचे संरक्षण मिळत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना चार्जर व आंतरजालाची तार दोन्ही काढून ठेवावीत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते.

उष्णता व धूळ

गादी किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवल्यास हवेची छिद्रे बुजतात. आतील तापमान वाढले की प्रक्रियक आपला वेग आपोआप कमी करतो आणि मर्यादा ओलांडल्यास यंत्र बंद पडते. लॅपटॉप कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. यंत्र बंद करून छिद्रांतील धूळ मऊ ब्रशाने काढावी.

ओलावा व सांडलेले द्रव

पावसाळ्यात दीर्घकाळ बंद राहिलेल्या लॅपटॉपच्या आतील जोडण्या गंजू शकतात. म्हणून काही दिवसांआड तो थोडा वेळ चालवावा. यंत्राच्या उबेने ओल कमी होते. एरवी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवता येतो. पावसात भिजून आलेली पिशवी उघडल्यावर लगेच लॅपटॉप सुरू करू नये.

पाणी किंवा चहा सांडल्यास तत्काळ चार्जर काढून, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, कळफलक खाली येईल असे उलटे ठेवावे व ‘चालते का’ हे पाहण्याचा मोह टाळावा. तांदळात ठेवण्याचा प्रचलित उपाय गुणकारी नाही. साखरेचा चहा वाळला तरी मागे थर राहतो. त्यामुळे आतील सफाई जाणकाराकडून करून घ्यावी.

मंद गती व संगणक प्रणाली

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास कोणता प्रोग्राम अधिक स्मृती व्यापतो ते दिसते. सुरुवातीस आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत आणि साठवण काठोकाठ भरू देऊ नये. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास गतीत मोठा फरक पडतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे सांगून दूरस्थ ताबा मागणाऱ्या दूरध्वनीस प्रतिसाद देऊ नये. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

मराठी फाईलींतील अडचण

जुनी मराठी फाईल उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसली, तर ती फाईल बिघडली आहे असे समजू नये. युनिकोडपूर्व फाँटमध्ये, उदाहरणार्थ श्रीलिपी किंवा कृतिदेव, टंकलेला मजकूर तो फाँट नसल्यास असाच दिसतो. मूळ फाईल तशीच राखून तिची प्रत युनिकोडमध्ये रूपांतरित करावी.

घरगुती उपायांची मर्यादा

फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा चार्ज करणे धोक्याचे असते. तिला आग लागू शकते. तळ किंवा कळफलक उचलला गेल्याचे दिसताच वापर थांबवावा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती पुनःपुन्हा चालू करू नये, अन्यथा माहिती कायमची नष्ट होण्याची शक्यता वाढते. यंत्र बदलता येते. त्यातील प्रकल्प व छायाचित्रे पुन्हा मिळत नाहीत. यासाठी महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक घराबाहेर ठेवण्याचा संकेत आहे. निकामी बॅटरी व सुटे भाग केरात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. ई-कचरा व्यवस्थापनाचे सुधारित नियम भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.