शिष्य कोणाचा? ना. वा. टिळकांचे दोन त्याग

१/ ख्रिस्ती होणे आणि ख्रिस्ताचा शिष्य होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) आयुष्यभर पुरला. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या शिष्यत्वाची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

२/ कोकणातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले टिळक, जातिभेदाने दुभंगलेल्या देशाला तारील असा धर्म शोधत होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा पहिला त्याग: जात, आप्त आणि प्रतिष्ठा यांचा.

३/ पण त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता हे पाऊल उचलले गेले. पती जिवंत असताना वाट्याला आलेला तो दुरावा, ती मानहानी आणि सोवळ्याशी चाललेली झुंज त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त नोंदवली आहे. पुढे जातिभेद माणसानेच निर्मिला, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून त्या आल्या खऱ्या, पण आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

४/ अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक अध्यापन आणि धर्मकार्य करू लागले; १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. तेथे त्यांना दुसरी भिंत दिसली. शाळा, नोकरी, निवारा या सर्वांसाठी नवख्रिस्ती माणूस मिशनकडे पाहत असे. जातीने टाकलेल्याला तो आधार अत्यावश्यक होता. परंतु त्याच आधारातून परावलंबन वाढत होते. उपासनेतही परदेशी चालींचे वजन होते.

५/ टिळकांचे उत्तर मराठीतून आले. ओवी, अभंग, भजन, कीर्तन ही वारकऱ्यांची साधने त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ख्रिस्ताचे होण्यासाठी परके व्हावे लागत नाही, हा त्याचा अर्थ.

६/ दुसरा त्याग १९१७ चा. पंचावन्न वर्षांच्या टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य येथे बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार. पहिल्या वेळी त्यांनी जन्माने लाभलेली सुरक्षितता सोडली होती; या वेळी धर्मांतराने लाभलेली.

७/ यावर आक्षेप घेता येतो. बाप्तिस्मा ही ख्रिस्ताचीच आज्ञा आहे. तो बाजूला ठेवल्यास मंडळीची घडी कशी राहील? दरबारही फार टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले आणि तो प्रयोग ओसरला. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. महाराष्ट्रातील चर्चमध्ये टिळकांची गीते आजही गायिली जातात.

८/ म्हणून त्यांचा प्रश्न जुना झालेला नाही. आज अनेकांसाठी ख्रिस्ती असणे म्हणजे आडनाव, दाखल्यावरील नोंद, रविवारची उपस्थिती. टिळकांच्या दृष्टीने शिष्यत्वाची कसोटी वेगळी होती: गुरूच्या मागे जाताना माणूस काय सोडावयास तयार आहे? आणि लक्ष्मीबाईंचे आयुष्य त्या कसोटीला आणखी एक प्रश्न जोडते: त्या त्यागाची किंमत घरातील दुसरे कोणी तर मोजत नाही ना?