समाक्ष केबलीवरील गृहजाल

दूरचित्रवाणीसाठी घरात पूर्वीच बसविलेल्या समाक्ष केबलीचा उपयोग करून संगणक, दूरचित्रवाणी संच, ध्वनिचित्रमुद्रक इ. उपकरणे परस्परांस जोडण्याची पद्धती. व्यवहारात ही केबल ‘कोॲक्सियल’ या नावाने परिचित आहे. मध्यभागी तांब्याची वा ताम्रलेपित पोलादाची तार, तीभोवती निरोधक पदार्थ, त्यावर धातूची जाळी व बाहेरून प्लॅस्टिकचे वेष्टन अशी तिची रचना असते. तार व जाळी यांचा अक्ष एकच असल्यामुळे तिला समाक्ष हे नाव पडले. जाळीमुळे आतील संकेत बाहेर पसरत नाही व बाहेरचा क्षोभ आत फारसा शिरत नाही.

अशा रचनेचे एकस्व ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली घेतले. लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल या अमेरिकन अभियंत्यांनी १९२९ मध्ये तिला विस्तृत कंप्रतापट्टा वाहून नेणाऱ्या माध्यमाचे रूप दिले. केबल दूरचित्रवाणीचा उगम मात्र डोंगरांमुळे झाला. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील डोंगराआडच्या गावांत प्रक्षेपण पोहोचत नसे. म्हणून उंचावर एकच आकाशक उभारून तेथून घरोघरी केबल नेण्यात आली.

महाराष्ट्रात दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्राने सुरू झाली. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या इमारतींमधून चित्रफिती दाखविणारी छोटी केबल जाळी पसरली. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या आल्या आणि गच्चीवरून गच्चीवर गेलेली काळी केबल हे शहरांतील नित्याचे दृश्य ठरले. या व्यवसायाचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९९५ मध्ये झाला. मुंबईत अंकीय प्रक्षेपण २०१२ मध्ये सक्तीचे करण्यात आले.

गृहजालासाठी अमेरिकेत २००४ मध्ये ‘मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स’ (संक्षेपाने मोका) ही उद्योगसंघटना स्थापन झाली. केबल दूरचित्रवाणीचे संकेत साधारणपणे १,००० मेगॅहर्ट्‌झच्या खाली असतात. गृहजालाचे संकेत त्यावरील कंप्रतांवर (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर) पाठविल्याने दोन्ही एकाच केबलीत परस्परांना बाधा न आणता राहतात. थेट उपग्रह सेवेची तबकडी ९५० ते २,१५० मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा व्यापते. तेथे गृहजालास त्याखालील पट्टा वापरावा लागतो. संकेत शेजाऱ्याच्या घरात जाऊ नयेत म्हणून केबल घरात शिरते तेथे गाळणी बसवितात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकानुसार या पद्धतीचा कमाल वेग सेकंदास २.५ अब्ज द्विमान अंक (बिट) आहे.

या पद्धतीचा सारा लाभ ‘पूर्वीच बसविलेल्या’ या शब्दांत आहे. अमेरिकेत खोलीखोलीत केबल असते. महाराष्ट्रातील घरात बहुधा एका संचापुरती एकच केबल येते. त्याहून मोठा अडसर वस्तीच्या स्वरूपाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील (स्थापना १ जुलै १९९८) अक्कलकुवा तालुका सातपुड्यात असून त्याच्या उत्तरेस नर्मदा वाहते. पायथ्याच्या बाजारगावात घरे लागून आहेत. मोलगीकडील डोंगराळ भागात भिल्लांचे पाडे विखुरलेले असून घरे आपापल्या शेतांत दूरदूर असतात. केबलीत अंतराबरोबर संकेताचे क्षीणन होते; त्यासाठी ठराविक अंतरांवर विवर्धक लागतात व प्रत्येक विवर्धकास वीज लागते. चाळीत थोड्या केबलीवर अनेक घरांचा खर्च विभागला जातो, पाड्यावर तो एका घरावर पडतो. डोंगरांमुळे जन्मलेले हे साधन डोंगरातल्या विखुरलेल्या वस्तीला म्हणूनच परवडत नाही. तेथे तबकडी हीच सोयीची ठरते, कारण तिला शेजाऱ्याची गरज नसते.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली; तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून पाड्यावरील घरापर्यंतचे अंतर तंतू आल्याने कमी होत नाही. असलेल्या तारेचा उपयोग करणारे प्रत्येक तंत्र जुन्या गुंतवणुकीचे फळ तिच्या धन्यास पुन्हा देते. ज्यांच्या दारी तार कधी गेली नाही, त्यांच्यासाठी आरंभ शून्यापासूनच करावा लागतो आणि तो खर्च सार्वजनिक निधीतून करण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. [⟶ दूरचित्रवाणी, संदेशवहन].