अर्धी बाटली ब्रेक ऑइल

शनिवार, संध्याकाळी 5. मलकापुरात आमच्या दारात दादाने गाडी जॅकवर चढवली. उद्या नारळी पौर्णिमा, ताईचं सासर साखरप्याला, म्हणजे आंबा घाट उतरणं आलं. पुढचे ब्रेक पॅड पार झिजलेले, उजव्या चाकाच्या रबरी पाइपला चिरा. दोन्ही सामान कोल्हापूरहून आणलं होतं. ऑइल तेवढं राहिलं.

6:30. पाइप बदलला की लाइनमध्ये हवा शिरते, ती काढायला ऑइल लागतंच. दादाने फडताळातली अर्धी बाटली काढली. गेल्या पावसाळ्यात फोडलेली, झाकण सैल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आमच्या शाहूवाडी तालुक्यात श्रावणात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. नवं कोरं डॉट 3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं, की 140 अंशांनाही उकळू शकतं. बाटली उजेडात धरली तरी हे दिसत नाही.

7:15. मी सीटवर, दादा चाकापाशी. "दाब... धरून ठेव... सोड." नळीतून बुडबुडे आले, मग थांबले. पॅडल टणक लागलं. त्या टणकपणावर आम्ही विसंबलो, हीच चूक. त्यावरून हवा गेल्याचं कळतं, ऑइलचं काहीच कळत नाही.

रविवार, सकाळी 9. निघालो. पावसाने उघडीप दिलेली. आई मागे, मांडीवर नारळीभाताचा डबा. आंबा गावापर्यंत ब्रेक झकास लागत होते.

9:45. उतार सुरू. पुढे ट्रक. गाडी चौथ्यात, दादाचा पाय सतत ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वडील आम्हाला लहानपणापासून सांगत आले. मी शेजारी बसून गप्प राहिलो.

9:54. जळका वास. ट्रकचा असेल, असं वाटलं.

9:57. "पॅडल मऊ लागतंय रे."

9:58. पॅडल थेट तळाला. कॅलिपरमधलं ऑइल उकळलं होतं. वाफ दाबली जाते, पण जोर पुढे पोचवत नाही. दादाने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक खेचला आणि दरी सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. कातळावर पत्रा फाटल्याचा आवाज. मागच्या काचेवर केशरी भात चिकटला होता. आई कण्हत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

11:10. आईला घेऊन दादा पुढे गेला. क्रेनवाला आमच्या गाडीत बसला, पाय दाबला आणि माझ्याकडे बघू लागला. ऑइल निवलं होतं. पॅडल कालच्यासारखंच टणक होतं.