चौकातील त्रिकोण आणि तैलरंगातील त्रैक्य

भक्तिचित्र जन्मास कसे येते? हा प्रश्न वरवर पाहता चित्रकारांचा आहे. परंतु ज्या चित्रासमोर आपण मेणबत्ती लावतो, गुडघे टेकतो आणि आजारी लेकरासाठी पदर पसरतो, ते कोणत्या मनःस्थितीत रंगविले गेले, याचा विचार भाविकानेही करावयास हवा. चित्रकार आधी सारे ठरवितो आणि मग हात चालवितो, की हात चालू लागल्यावर त्याला काही उमगत जाते? प्रार्थना करणाऱ्या माणसास हा प्रश्न परका नाही. प्रार्थनेस बसताना आपण जे शब्द योजून ठेवतो, ते उठताना आपल्या ओठांवर क्वचितच असतात. चित्राचेही तसेच असावे काय, याचा शोध इतिहासाच्या आधारे घेण्याचा आमचा हा अल्प प्रयत्न आहे.

या शोधाचा आरंभ आम्ही रोमपासून न करता जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांपासून करीत आहोत. हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. जव्हार ही महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याची राजधानी. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवाड्याचा मान मोठा खरा. पण या भागातील अत्यंत जुनी चित्रशाळा राजवाड्यात नव्हती. ती होती कुडाच्या घराच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीवर, आणि तिच्या आचार्या होत्या वारली समाजातील सवाशिणी.

वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिल्यावाचून विधी पुरा होत नाही. भिंत शेणामातीने सारवावयाची, तिला गेरूचा हात द्यावयाचा, तांदळाची पिठी पाण्यात कालवावयाची आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाती घ्यावयाची, एवढीच साधनसामग्री. प्रथम चौकोन आखला जातो. त्याच्या कडा नक्षीने भरत जातात. आणि मध्यभागी पालघट देवी अवतरते. जवळच्या लहान देवचौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, नाचणारी माणसे. माणूस काढावयाचा तो दोन त्रिकोणांनी: एक उलटा, एक सुलटा, टोकाशी टोक जुळलेले. त्या नाजूक बिंदूवर सारे शरीर तोललेले असते.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की येथे कच्चा आराखडा नसतो, मोजपट्टी नसते आणि खोडण्याची सोयही नसते. पिठीची रेघ भिंतीवर पडताच वाळते. मग हाताला वाट कोण दाखविते? गाणे दाखविते. धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असते, देवांना नावे घेऊन बोलावीत असते. एकीच्या हाताशी दुसरीचा हात असतो. थोरलीने सोडलेली जागा धाकटी भरते. आजचे कलासमीक्षक जिला अंतःप्रेरणा म्हणतात, ती या भिंतीपाशी एकट्या व्यक्तीची मिरास नाही. ती पिढ्यांची स्मृती आहे. गाण्याच्या आधाराने ती बोटांत उतरते. आणि चित्र पुरे झाले म्हणजे कोणी खाली सही करीत नाही.

याच मुलखात बोहाड्याचा उत्सव होतो. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी सोंगे रात्रीच्या वेळी संबळाच्या तालावर नाचत येतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा घडविणारा कारागीर त्याला रंग देतो खरा. परंतु त्या रंगात प्राण येतो तो सोंग घेणाऱ्याच्या पायांत ताल शिरल्यावर. थोडक्यात, चौकात काय आणि सोंगात काय, प्रतिमा आणि उपासना ही येथे दोन वेगळी कामे नाहीत.

आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेत याला जवळचे उदाहरण शोधू गेल्यास फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील डॉमिनिकन धर्मबंधू फ्रा अँजेलिको यांचे नाव पुढे येते. १४५५ साली ते निवर्तले. मठातील खोल्यांच्या भिंतींवर, ओल्या गिलाव्यावर, त्यांनी प्रभूच्या जीवनातील प्रसंग रंगविले. चित्रकारांचा चरित्रकार वासारी सांगतो की, प्रार्थना केल्यावाचून ते कुंचला हाती धरीत नसत, क्रूसावरील ख्रिस्त रंगविताना त्यांच्या डोळ्यांना धारा लागत, आणि एकदा उमटलेली रेघ ते पुन्हा दुरुस्त करीत नसत. देवाची इच्छा तशीच होती असे मानीत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १९८४ साली कलावंतांचे आश्रयदाते नेमले. ओला गिलावा काय आणि सारवलेला कूड काय, दोन्ही भिंती हाताला एकदाच संधी देतात. म्हणून दोन्हींपुढे आधी मन तयार करावे लागते.

तैलरंगाची रीत मात्र निराळी. पंधराव्या शतकात फ्लँडर्समधील यान व्हॅन आइक यांनी हे तंत्र पूर्णत्वास नेले. गेंट येथील १४३२ ची भव्य वेदीचित्रमाला त्याची साक्ष आहे. जवसाच्या तेलात खललेला रंग पाण्यासारखा उडून जात नाही. तो हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतो. त्यामुळे चित्रकारास दिवसच्या दिवस मिळतात. पातळ थरावर पातळ थर चढविता येतो. खालचा उजेड वरच्या रंगातून झिरपतो. मन मानत नसेल तर रंग खरवडून पुन्हा आरंभ करता येतो. चौकाची अंतःप्रेरणा एका रात्रीची असते, तर तैलचित्राची प्रतीक्षेची.

ही कला आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आली. १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात आली आणि १७३९ साली ती चिमाजी अप्पांनी जिंकली. या दोन शतकांत चर्चच्या वेद्यांवर युरोपीय धाटणीच्या प्रतिमा चढल्या. १५८० साली येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांनी रोममधील पवित्र मरियेच्या सुप्रसिद्ध चित्राची प्रतिकृती नेली होती. बादशहाने तिला आदराने वंदन केले आणि त्याच्या चित्रकारांनी युरोपीय चित्रांच्या नकला उतरविल्या. उलटपक्षी १५६७ च्या गोव्यातील प्रांतीय परिषदेने बिगर ख्रिस्ती कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. चित्र कोणाच्या हातून घडावे, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे.

१८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा निघाली आणि तैलरंग देशी हातांत आला. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद याच शाळेत शिकले, तेथेच शिकवू लागले. प्रकाश आणि छाया यांवरील प्रभुत्वामुळे त्यांना पूर्वेचे रेम्ब्राँ म्हणत. १९३५ साली ते वारले. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद यांचा जन्म १९०९ चा. त्यांनीही याच शाळेत शिक्षण घेतले. आरंभी वडिलांप्रमाणे व्यक्तिचित्रे रंगविल्यावर त्या ख्रिस्ती विषयांकडे वळल्या. त्यांच्या चित्रांतील पवित्र मरिया साडी नेसते. तिच्या मुद्रेत, बसण्यात आणि हातांच्या ठेवणीत भारतीय स्त्री दिसते. त्यांच्या या सेवेची दखल पोपमहोदयांनी सन्मानपदक देऊन घेतली.

पण अँजेलाबाईंचा प्रवास येथे थांबला नाही, आणि आमच्या मते त्यांच्या कलेचे मर्म पुढेच आहे. उत्तरायुष्यात त्यांच्या तैलपटावरील आकृती त्रिकोणांत विभागू लागल्या. चेहरा, वस्त्र, आकाश, सारे त्रिकोणांच्या पैलूंतून उभे राहू लागले. या रीतीस त्यांनी आपल्या आडनावावरून नाव दिले. पोर्तुगीज भाषेत त्रिंदाद म्हणजे त्रैक्य! बापाकडून आलेले आडनाव, वेदीवरील श्रद्धेचे रहस्य आणि कुंचल्याखालील आकार ही तिन्ही एका ठिकाणी मिळाली. नुसत्या युक्तिवादाने असे मीलन साधत नसते. चाळीस-पन्नास वर्षे हात राबल्यावर, जे नाव आपण रोज लिहितो त्याचा अर्थ एके दिवशी रंगातून समोर उभा राहतो. १९८० साली ब्राझीलमधील साव पावलो येथे त्यांचे देहावसान झाले. पितापुत्रींची चित्रे पणजीच्या फोंताइन्हास भागातील फुंदासांव ओरिएन्त या संस्थेच्या वास्तूत आज पाहावयास मिळतात.

त्यांचे समकालीन अँजेलो द फोन्सेका यांचीही आठवण येथे करावी लागेल. १९०२ साली गोव्याच्या सांतु इश्तेव्ह येथे जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात साधना केली. त्यांचा ओढा मुख्यतः जलरंगांकडे होता. साडीतील मरिया पाहून गोव्यात अनेकांचा रोष झाला. फोन्सेकांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि १९६७ साली निधन होईपर्यंत ते रंगवीत राहिले. त्यांच्या हयातीतच, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. प्रत्येक लोकसमूहाच्या कलेस तिच्यात वाव आहे. ज्या चित्रांमुळे गाव सोडावे लागले, त्यांच्या मागील विचारास परिषदेने असा दुजोरा दिला.

वारली चौकातील त्रिकोण आणि अँजेलाबाईंचा त्रिकोण यांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध जोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. वारली माणसाच्या अंगातील त्रिकोण लग्नाच्या रात्रीचा आहे. अँजेलाबाईंचा त्रिकोण धर्मसिद्धांताचा आहे. तरीही दोन्ही हातांनी एकच गोष्ट शिकविली. खोल श्रद्धा जेव्हा आकार शोधते, तेव्हा ती साधेपणाकडे झुकते. अलंकार गळून पडतात आणि उरतो तो तोल.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार शासनाच्या हस्तकला विभागाच्या वतीने वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागद स्वीकारला आणि ही कला जगभर नेली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री आणि २०१८ साली त्यांचे निधन. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. अनेक घरांत यामुळे चूल पेटली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु भिंतीवरचे चित्र कागदावर आले तेव्हा ते बायकांच्या हातून पुष्कळसे पुरुषांच्या हाती गेले, आणि गाणे मागे राहिले. आज चहाच्या कपावर, पडद्यावर, स्थानकाच्या भिंतीवर तो नाच दिसतो. धवलेरीचा आवाज मात्र तेथे नसतो.

येथेच आपला, म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांचा आणि धर्मगुरूंचा, प्रश्न उभा राहतो. डोंगरपट्टीतील प्रार्थनामंदिर सजवावयाचे म्हटले की आपण सहज म्हणतो, वारली पद्धतीने रंगवून घ्या. रंगारी बोलाविला जातो. दोन दिवसांत त्रिकोणी मेंढपाळ आणि त्रिकोणी मेंढरे भिंतीवर उभी राहतात. आम्हांस विचारावेसे वाटते, की आपण त्या लोकांचे काय घेतले? रेघ घेतली, रेघेमागचे जागरण घेतले नाही. आणखी एक सावधगिरी हवी. पालघटेचा चौक हा जिवंत उपासनेचा भाग आहे. त्यातून देवी उचलून तेथे मरियामातेला बसविणे ही संस्कृतीची जवळीक नव्हे, शेजाऱ्याच्या देवघरातील घुसखोरी होय. चौक त्यांचा आहे, तो त्यांच्याच भिंतीवर शोभावा.

मग शिकावे काय? आमच्या अल्पमतीस तीन गोष्टी सुचतात. एक, मंदिरातील चित्र एकट्या ठेकेदाराचे नसावे. ज्या स्त्रिया रोज जपमाळ म्हणतात त्यांनी गात गात भिंत सारवावी, रंग कालवावा आणि चित्रकाराच्या जोडीने हात लावावा. दोन, ज्याला देवाने बोटांत कसब दिले आहे, असा पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी मुंबईच्या कलाशाळेपर्यंत पोहोचावी म्हणून धर्मग्रामाने खर्च उचलावा. त्रिंदाद बापलेकींना जे शिक्षण मिळाले ते त्यांनाही मिळो. तीन, काम संपेपर्यंत घाई नको. तैलरंग वाळण्याची वाट पाहतो तो चित्रकार आणि देवाच्या उत्तराची वाट पाहतो तो भाविक, दोघांना एकाच सद्गुणाची गरज असते.

अशा रीतीने घडलेले चित्र कदाचित ओबडधोबड असेल, मेंढपाळाचा हात आखूड पडेल. परंतु त्यासमोर गुडघे टेकणाऱ्या आजीला ठाऊक असेल की तिच्या सुनेने रंग कालविला, तिच्या नातवाने रेघ ओढली आणि साऱ्या पाड्याने गाणे म्हटले. छापील कॅलेंडरावरचे देखणे चित्र हे कधीही सांगू शकणार नाही.